रिस्टार्ट, गिरणी आणि शंभर पानी वही

आपल्या धंद्यात एक रामबाण औषध आहे. प्रिंटर हटून बसला, वायफाय रुसलं, एखाद्या अर्जाचं पान नुसतंच गोल गोल फिरत राहिलं, की समोरच्याला शांतपणे विचारायचं, "रिस्टार्ट करून बघितलंत का?" बरेचदा गुण येतो. फी नाही, पथ्य नाही. पण समजा, मशीन स्वतःच हे औषध घ्यायला लागलं, दिवसातून पाच-सहा वेळा, कुणालाही न विचारता... तर? मग ते औषध राहत नाही, तोच आजार होतो. ह्या विकांताला त्या आजाराबद्दल.

रुग्ण शिरूरचा. थांबा पुणेकरांनो, नगर रोडने रांजणगाव ओलांडल्यावर लागतं ते शिरूर नव्हे. ते घोडनदीचं. हे शिरूर कासार, बीड जिल्ह्यातलं, सिंदफणेच्या काठचं. तालुक्याचं गाव. तिथल्या एका पतसंस्थेत माझा मावसभाऊ मॅनेजर आहे. काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या तोंडावर त्याचा फोन आला, "सर्व्हर आपोआप बंद पडून चालू व्हायलाय. सुट्टीला येणारच आहेस ना, चार दिवस आधीच ये."

आता 'सर्व्हर' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर थंडगार खोली आणि निळे दिवे आले असतील तर ते पुसून टाका. इथला सर्व्हर म्हणजे मॅनेजरच्या टेबलाखाली, पाय पोचतील इतक्या अंतरावर ठेवलेला एक टॉवर. वर टर्किशचा टॉवेल, टॉवेलवर चेकबुकांचा गठ्ठा. शेजारी यूपीएस. काउंटरवरचे तीन कॉम्प्युटर वेगळ्या इन्व्हर्टरवर, आणि ते तिन्ही ह्या एका डब्याच्या जिवावर चालणारे. डबा झोपला की संस्था झोपली.

वेळही नेमकी वाईट होती. ऑक्टोबर म्हणजे ह्या भागात ऊसतोडीला निघायचे दिवस. कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू होणार, मुकादमाने उचल दिलेली, ट्रक आणि ट्रॅक्टर भरायला लागलेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल कोयत्यावर मिळते, आणि ती हंगामभर ऊस तोडून फेडायची. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेला कोयता थेट उन्हाळ्यात परत येतो. त्यामुळे निघण्याआधी पतसंस्थेत झुंबड. कुणी उचलीतले पैसे ठेवायला येतं, कुणी सोनेतारण सोडवायला.

मी पोचलो त्याच दुपारी काउंटरवर एक बाई उभ्या होत्या. डोरलं सोडवायचं होतं. रात्री गाडी निघणार होती. आज सोडवलं नाही तर पुढचे सहा महिने व्याज चालूच राहणार, आणि सहा महिन्यांनी हातात काय उरेल ते कुणी सांगावं? क्लार्कने पैसे मोजून घेतले, एंट्री टाकली, पावती छापायला दिली आणि टेबलाखालून 'टक्' असा आवाज आला. तीनही स्क्रीनवर एकच संदेश: सर्व्हर सापडत नाही.

इथे खरी गोची लक्षात घ्या. डेटाबेसचा नियम असा की व्यवहार एक तर पूर्ण नोंदला जातो, नाहीतर अजिबात नाही. अर्धा व्यवहार राहत नाही. पण नोंद झाल्यावर आणि पावती निघण्याआधी वीज गेली तर क्लार्कला कसं कळणार? नोंद झाली नाही असं समजून त्याने पुन्हा एंट्री मारली की एकाच बाईचे पैसे दोनदा जमा. नोंद झाली असं समजून तो गप्प बसला आणि झालीच नसली, तर बाईंचे पैसे गेले आणि कर्ज तसंच. सहा महिने त्या गावात नसणार. भांडायला तरी कोण येणार?

बाई म्हणाल्या, "भाऊ, तुमचं मशीन कवा बी चालू करा. माझं मणी तेवढं द्या."

मावसभावाने जुनं पावतीपुस्तक काढलं, हाताने पावती लिहिली, सही-शिक्का मारला आणि डोरलं दिलं. रात्री आम्ही दोघांनी कागद आणि कॉम्प्युटर ताडून बघितला. त्या दिवशीच्या अशा नोंदी ताडायला साडेअकरा वाजले. हे रोज करणं शक्य नव्हतं.

तर आता निदान.

रिस्टार्ट ढोबळमानाने तीन जातींचे असतात. पहिला, सांगून केलेला. अपडेट बसला, कुणीतरी बटण दाबलं, एखाद्या प्रोग्रॅमने विनंती केली. विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये ह्याची १०७४ क्रमांकाची नोंद असते आणि कुणी, कशासाठी केलं तेही लिहिलेलं असतं. दुसरा, कोलमडून झालेला. आतला एखादा ड्रायव्हर किंवा मेमरी गडबडते, निळा पडदा येतो आणि विंडोज स्वतःला पुन्हा चालू करते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन ह्याच जातीच्या फेऱ्यात सापडली होती, विमानतळांपासून हॉस्पिटलांपर्यंत. तिसरी जात सगळ्यात घुमी. कुणीतरी गळा दाबावा तशी वीज जाते. मरताना मशीनला एक अक्षर लिहायला वेळ मिळत नाही. पुन्हा जागं झाल्यावर ते फक्त एवढंच लिहितं की मागच्या वेळी मी नीट बंद झालो नव्हतो. नोंद क्रमांक ६००८, आणि जोडीला ४१.

आमच्या लॉगमध्ये १०७४ एकही नाही. ६००८ आणि ४१ मात्र ढिगाने, आणि ४१ च्या तपशिलात निळ्या पडद्याचा कोड शून्य. म्हणजे विंडोज कोलमडलेली नाही, तिसऱ्या जातीचा संशय. पण शून्य म्हणजे शंभर टक्के पुरावा नव्हे. मशीन तापून बंद पडलं किंवा आतला एसएमपीएस दमला तरी असंच दिसतं. टॉवेल काढला, पंख्यातली धूळ झटकली, तापमान बघितलं. ठीक होतं.

मग एक साधी युक्ती केली, ती तुमच्याही उपयोगी पडेल. बायोसमध्ये एक सेटिंग असतं: वीज जाऊन परत आली की मशीनने काय करायचं, आपणहून चालू व्हायचं की बंदच राहायचं. इथे 'चालू हो' असं होतं. त्यामुळे वीज तुटली तरी लोकांना दिसायचा तो 'रिस्टार्ट'. मी ते 'बंद राहा' असं केलं. आता विंडोजने स्वतःला रिस्टार्ट केलं तर मशीन परत येईल. वीज तुटली असेल तर मेल्यासारखं पडून राहील. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाला 'टक्' झालं, आणि मशीन पडून राहिलं. चला, सॉफ्टवेअर निर्दोष सुटलं!

पण वीज गेलीच नव्हती. ट्यूब चालू, पंखा चालू, यूपीएसचा हिरवा दिवा चालू.

संध्याकाळी व्यवहार संपल्यावर सर्व्हर बाजूला काढला आणि यूपीएसवर एक जुना शंभराचा बल्ब लावला. भिंतीवरचा प्लग उपटला. बल्ब क्षणभर लाल झाला आणि विझला. यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच संपल्या होत्या. आत नुसतं वजन उरलं होतं.

मी शिपाई मामांना विचारलं, "मामा, बॅटरी गेली की यूपीएस ओरडतो. हा ओरडत नव्हता का?"

"ओरडायचा की! लई टीं टीं करायचा. गिऱ्हाईक वैतागायचं. मागच्या वर्षी एका पोरानं आतली वायर काढून दिली. तवापासून गप हाय."

हे वाक्य मी आजवर बऱ्याच ठिकाणी, बऱ्याच चकचकीत हापिसांत, वेगळ्या शब्दांत ऐकलंय. अलर्टचे मेल फार येतात म्हणून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकले. मॉनिटरिंगचा डॅशबोर्ड सतत लाल दिसतो म्हणून मर्यादा वाढवली. सगळीकडे तोच पोरगा, तीच वायर.

असो. बॅटऱ्या बदलून मोकळं होता आलं असतं. पण अर्धंच उत्तर मिळालं होतं. बॅटरी मेलेली असली तरी वीज चालू असताना यूपीएसला बॅटरीकडे जायची गरजच का पडते? आणि त्याच ठरावीक वेळांना का?

ह्यासाठी पहिल्याच दिवशी एक शंभर पानी वही आणली होती. तीन रकाने: किती वाजता झालं, त्या वेळी आजूबाजूला काय चाललं होतं, कुणी पाहिलं. तिसरा रकाना महत्त्वाचा, कारण 'सगळे म्हणतात' ह्या साक्षीदाराला नंतर काही विचारता येत नाही. वही मामांकडे दिली. ते दाराशी बसतात, त्यांना आत-बाहेर दोन्ही दिसतं. चार दिवसांत वहीत एकोणीस नोंदी झाल्या. वेळा इव्हेंट लॉगशी जुळवल्या तर दोन-चार मिनिटांचा फरक. मामांच्या घड्याळाचा.

वहीत दोन गोष्टी दिसल्या. एक, बाजारच्या दिवशी एकही नोंद नाही. सगळ्यात जास्त गर्दी त्या दिवशी आणि सर्व्हर दिवसभर ठणठणीत! दुसरी, मधल्या रकान्यात मामांनी सात-आठ वेळा एकच गोष्ट लिहिलेली: 'पंखा दम खातो'.

"म्हणजे काय हो मामा?"

"पंखा बघा ना वर. मधीच हळू व्हतोय, पुन्हा जोर धरतोय. अन् त्याच टायमाला शेजारच्या गिरणीचा पट्टा चिरकायलाय."

शेजारी पिठाची गिरणी. दहा हॉर्सपॉवरची मोटर. एलईडी ट्यूब व्होल्टेज बरंच घसरलं तरी तशीच जळत राहते, म्हणून कुणाला कळत नव्हतं. खरं सांगत होता तो जुना पंखा, आणि ऐकत होते फक्त मामा. मी मल्टिमीटर लावून बसलो. नेहमीचं व्होल्टेज २२८. गिरणी चालू झाली त्या क्षणी १६० च्या आसपास, आणि दोन सेकंदांत पुन्हा जागेवर. यूपीएसच्या दृष्टीने १६० म्हणजे वीज गेली. तो बॅटरीवर जाणार, बॅटरी मेलेली, सर्व्हरचा गळा दाबला गेला. तेवढ्यात व्होल्टेज परत, यूपीएस परत, सर्व्हरही परत. सगळ्यांच्या मते 'आपोआप रिस्टार्ट'.

मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. म्हणून एवढ्या मोटरला स्टार-डेल्टा स्टार्टर लावतात, म्हणजे ती आधी हळू फिरते आणि मग जोर घेते. गिरणीवाल्याचा स्टार्टर हंगामाच्या आधी जळला होता, आणि वायरमनने तात्पुरती मोटर थेट जोडून दिली होती. त्यात खांबावरचा दोघांना सामाईक असलेला जोड सैल होऊन काळा पडलेला. आणि बाजारचा दिवस? त्या दिवशी दळणाची रांग इतकी की गिरणी सकाळी एकदा चालू केली की रात्रीच बंद. संस्था उघडायच्या आधीच मोटर फिरत असायची. इतर दिवशी मात्र दळण संपलं की बंद, नवं दळण आलं की चालू.

इथे आणखी एक कोडं सुटलं. महिन्यापूर्वी सर्व्हर विकणाऱ्याच्या माणसाने येऊन मशीन फॉरमॅट केलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी 'एकदम ओके' म्हणून संस्थेने बिल दिलं होतं. तारीख बघितली. दुसरा दिवस बाजारचा होता.

खांबावरचा जोड बदलला गेला, यूपीएसला नव्या बॅटऱ्या आल्या, कापलेली वायर परत जोडली. गिरणीवाला स्टार्टर आणायला जरा कुरकुरला, पण मोटर जळाली तर काय खर्च येईल ते सांगितल्यावर तयार झाला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी वहीतलं पान दिवसभर कोरं राहिलं. आणि तो बाजारचा दिवस नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, खेड्यातल्या पतसंस्थेचं काय घेऊन बसलास? तर थोडं लांब जाऊ. मंगळावर. ४ जुलै १९९७ ला नासाचं पाथफाइंडर तिथे उतरलं आणि हवामानाची माहिती गोळा करायला लागल्यावर काही दिवसांत त्याचा कॉम्प्युटर आपोआप रिस्टार्ट व्हायला लागला. कारण पतसंस्थेच्या भाषेत सांगतो. शिपायाने तिजोरीच्या खोलीची किल्ली घेतली. मॅनेजरला तीच खोली हवी, तो किल्लीची वाट बघतोय. तेवढ्यात क्लार्क शिपायाला म्हणतो, "आधी माझं काम कर." क्लार्क शिपायाच्या वरचा, त्यामुळे शिपाई अडकला, किल्ली अडकली आणि पर्यायाने मॅनेजर क्लार्कमुळे अडकला. वर एक पहारेकरी बसवलेला: मॅनेजरचं काम वेळेत झालं नाही की संस्था बंद करून पुन्हा उघडायची. तोच रिस्टार्ट. उपाय असा की मॅनेजर ज्या किल्लीची वाट बघतोय ती ज्याच्या हातात आहे, त्याला किल्ली परत देईपर्यंत मॅनेजरचाच मान द्यायचा. पृथ्वीवरून एवढा बदल पाठवला आणि प्रश्न मिटला.

पण माझ्या मते शिकण्यासारखी गोष्ट उपायाच्या आधीची आहे. आत काय चाललंय ह्याची नोंद ठेवणारी सोय त्या अभियंत्यांनी यान सोडताना काढून टाकलेली नव्हती. पृथ्वीवरच्या तशाच दुसऱ्या यंत्रावर त्यांनी ती नोंद चालू ठेवून तोच रिस्टार्ट घडवून आणला आणि कारण पकडलं. नासाकडे ती सोय, आमच्याकडे मामांची वही. काम एकच.

कारण रिस्टार्टचा मोठा दोष हा की तो पुरावा पुसतो. मेमरीत जे होतं ते गेलं, आणि मशीन चालू झालं म्हणून माणसंही विसरली. 'आता चालतंय ना? मग सोड.' चालतंय हे उत्तर नव्हे, पुढच्या वेळेपर्यंतची मुदत आहे.

आणि 'का' विचारणं कुठे थांबवायचं, हाही एक प्रश्नच. आमच्याच जिल्ह्यातलं परळीचं औष्णिक वीज केंद्र घ्या. तेव्हाची क्षमता ११३० मेगावॉट. २०१३ च्या फेब्रुवारीत ते पूर्ण बंद करावं लागलं, संच बिघडले म्हणून नव्हे, तर गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणी उरलं नाही म्हणून. वाफ करायला पाणी लागतं, थंड करायलाही पाणीच लागतं. २०१५ च्या जुलैत पुन्हा तेच. पाऊस झाला की चालू, पाणी संपलं की बंद. एवढं मोठं केंद्र चालू-बंद करणं म्हणजे टेबलाखालचा टॉवर नव्हे, पण लॉग लिहिला असता तर कारणाच्या रकान्यात एकच शब्द आला असता.

त्या बाईंच्या रकान्यातही तोच शब्द येतो. शिरूर कासार पर्जन्यछायेत. पावसावर जे पिकेल त्यात वर्ष निघत नाही, म्हणून उचल, म्हणून कोयता, म्हणून सहा महिने परमुलुख, आणि परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. मी सर्व्हर दुरुस्त केला. हे दुरुस्त करणं माझ्या आवाक्यातलं नाही, आणि तसा आव आणत नाही. पण दरवर्षी ऑक्टोबरात जे आपोआप घडतं ते 'आपोआप' नसतं, एवढं मात्र त्या वहीनंतर डोक्यात पक्कं बसलंय.

तर मंडळी, सोमवारी हापिसात गेल्यावर कुणी म्हणालं की "अधूनमधून होतं, रिस्टार्ट केलं की चालतं", तर त्याच्याकडून 'अधूनमधून' म्हणजे नेमकं किती वाजता ते लिहून घ्या. तीन रकाने पुरतात. आणि लिहायचं काम दाराशी बसणाऱ्या माणसाला द्या.

मामांनी वही अजून बंद केलेली नाही. मागच्या दिवाळीला गेलो तेव्हा त्यांनी कौतुकाने दाखवली. सर्व्हरच्या नोंदी कधीच संपल्यात. आता त्यात ते नळाला पाणी कुठल्या दिवशी आलं आणि किती वेळ टिकलं ते लिहितात.